दप्तर कोणाच्या घरी?



कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने संगणकाच्या गोष्टी सांगण्याचे कारण काय, असा प्रश्न आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. कारण अगदी सरळ आहे. आमचा सारा व्यवहार कागदांवर चालतो. हजेरीपट, पगाराची पावती, कराराची प्रत, अपघाताचा पंचनामा, हे हाती असले तर कामगार न्यायासनापुढे ताठ उभा राहतो. नसले तर त्याचे खरे बोलणेही खोटे ठरते. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. पुढे गिरणी कामगारांना घरे देण्याची योजना आली, तेव्हा आपण गिरणीत राबलो हे कागदाने सिद्ध करण्याची पाळी प्रत्येकावर आली. ज्याच्या घरी ट्रंकेच्या तळाशी तिकीट नंबराचा कार्ड किंवा प्रॉव्हिडंट फंडाचा उतारा पडून होता, त्याचा अर्ज पुढे सरकला. ज्याची ट्रंक पावसाळ्यात भिजली, त्याने वीस वर्षे साच्यावर घालविली असली तरी त्याला त्या वर्षांचा साक्षीदार शोधीत फिरावे लागले.

आज ती ट्रंक राहिली नाही. घराचा उतारा, मुलांची गुणपत्रके, दवाखान्याचे कागद, लग्नाची छायाचित्रे, सारे मोबाइलमध्ये असते; आणि मोबाइलमध्ये असते असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा ते दूर कोठेतरी, दुसऱ्याच्या यंत्रावर असते. ह्या व्यवस्थेला ‘क्लाउड’ म्हणजे ढग असे गोंडस नाव मिळाले आहे. ढग कोणाच्या मालकीचा नसतो आणि त्याला कुलूपही नसते. परंतु हा ढग म्हणजे विटा-लोखंडाची इमारत आहे, तिला मालक आहे, विजेचे बिल आहे आणि भाडेही आहे. तेव्हा आपले दप्तर कोणाच्या घरी ठेवावे व ठेवण्यापूर्वी काय पारखून घ्यावे, ह्याचा विचार आज आपण इतिहासाच्या आधाराने करणार आहोत.

दप्तर ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती निकाल, हा धडा महाराष्ट्राला नवा नाही. १८५२ च्या अकराव्या कायद्याने मुंबई इलाख्यातील इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांनी आपापला हक्क शाबीत करावा, असे फर्मान सुटले. पडताळणीसाठी पुण्याचे पेशवे दप्तर सरकारच्याच कबजात होते. ज्यांच्या सनदा वाळवीने खाल्ल्या होत्या किंवा धामधुमीत गहाळ झाल्या होत्या, त्यांच्यापाशी बोलण्यासारखे काही उरले नाही, आणि हजारो इनामे खालसा झाली. इनामदारांविषयी आम्हांस विशेष कळवळा आहे असे नव्हे. पण फिर्याद ज्याच्याविरुद्ध, त्याच्याच कपाटात पुरावा, ही स्थिती इनामदाराला जशी घातक तशीच ती कामगारालाही घातक असते, एवढे त्यातून घ्यावयाचे.

आता मूळ विषयाकडे वळू. ह्या सेवांचे काम दोन प्रकारचे आहे. एक, आपली फाइल दूरच्या कोठारात ठेवणे. दोन, आपल्या मोबाइलवर, घरच्या संगणकावर आणि कचेरीतल्या संगणकावर तीच फाइल एकसारखी राखणे. ह्या दुसऱ्या कामाला इंग्रजीत ‘सिंक’ म्हणतात. आम्ही त्याला मेळ म्हणतो. रोजमेळ लिहिणाऱ्या कारकुनाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

मेळ घालण्याची विद्या ह्या कंपन्यांच्या जन्माआधीची आहे आणि ती विद्यापीठांत उपजली. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८७ पासून ‘कोडा’ नावाच्या व्यवस्थेवर काम सुरू झाले. तिचे प्रमुख महादेव सत्यनारायणन हे मद्रासच्या आय. आय. टी. चे विद्यार्थी. तार तुटली, जोडणी गेली, तरी माणसाचे काम अडू नये, म्हणून हव्या त्या फाइलींची नक्कल त्याच्याच यंत्रावर ठेवावयाची, त्याने जोडणीविना काम करावयाचे आणि जोडणी परत आली की दोन्हीकडच्या बदलांचा मेळ घालावयाचा, अशी ती कल्पना. दोघांनी एकाच कागदात निरनिराळे बदल केले तर तंटा उभा राहतो आणि तो यंत्राला नेहमीच सोडविता येत नाही, हेही त्याच वेळी दिसून आले. पुढे १९९६ साली ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस ह्यांनी ‘आरसिंक’ हा प्रोग्राम प्रसिद्ध केला. मोठ्या वहीत दोन ओळी बदलल्या तर सारी वही पुन्हा पाठविण्याचे कारण नाही. वहीचे तुकडे पाडावे, प्रत्येक तुकड्याची बेरजेसारखी खूण काढावी, दोन्हीकडच्या खुणा ताडून पाहाव्या आणि जुळत नसेल तेवढाच तुकडा पाठवावा. ही युक्ती त्यांनी सर्वांना मोफत खुली केली. म्हणजे ज्या विद्येवर आज अब्जावधींचा व्यापार चालला आहे, तिचा पाया संशोधकांनी सार्वजनिक म्हणून घातला होता. श्रम एकाचे आणि नफा दुसऱ्याचा, हा अनुभव आपल्याला इतर ठिकाणीही येतो.

व्यापाराचा भाग पुढे आला तो मार्च २००६ मध्ये. ॲमेझॉन कंपनीने ‘एस थ्री’ ह्या नावाने साठवणुकीची जागा भाड्याने देण्यास आरंभ केला. २००७ साली ड्रू ह्यूस्टन व आरश फिरदौसी ह्या दोन तरुणांनी ड्रॉपबॉक्स कंपनी काढली. बोस्टनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या बसमध्ये बसल्यावर आपला पेनड्राइव्ह घरी विसरल्याचे ह्यूस्टनच्या ध्यानात आले आणि त्यातून ही कल्पना सुचली, अशी हकिकत त्यांनीच सांगितली आहे. सप्टेंबर २००८ मध्ये ही सेवा सर्वांना खुली झाली; २ जीबी जागा फुकट. तिचे मोठेपण साधेपणात होते. संगणकावर एक पेटी दिसते, तीत कागद टाकला की तो दुसऱ्या यंत्रावरच्या पेटीत उमटतो. कोणाला काही शिकावे लागत नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये ॲपलचे ‘आयक्लाउड’ आले, एप्रिल २०१२ मध्ये ‘गुगल ड्राइव्ह’ आले; मायक्रोसॉफ्टच्या ‘स्कायड्राइव्ह’ने ब्रिटनमधील एका दूरचित्रवाणी कंपनीशी नावावरून झालेल्या दाव्यानंतर २०१४ साली ‘वनड्राइव्ह’ हे नाव धारण केले. येथे एक गंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आरंभीची कित्येक वर्षे ड्रॉपबॉक्सचे कोठार स्वतःचे नव्हते. ग्राहकांच्या फाइली ॲमेझॉनकडे ठेवलेल्या असत. २०१६ पर्यंत त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक फाइली कंपनीने आपल्या यंत्रांवर आणल्या. तोवर आपण ड्रॉपबॉक्सचे भाडेकरू आणि ड्रॉपबॉक्स ॲमेझॉनचे, म्हणजे आपण पोटभाडेकरू होतो. चाळीत राहिलेल्या माणसाला पोटभाडेकरूचा जीव किती टांगणीला असतो ते ठाऊक आहे.

इतिहास येथवर सोयीचा आहे. पण कोणत्याही कराराची पारख तो मोडतो तेव्हाच्या प्रसंगांवरून करावी, असे आम्हांस चळवळीने शिकविले आहे. तेव्हा हे सारे कोठे कोठे मोडले ते पाहू आणि प्रत्येक मोडतोडीतून एक प्रश्न हाती घेऊ.

पहिला प्रश्न: किल्ली कोणाकडे? १९ जून २०११ रोजी ड्रॉपबॉक्सच्या प्रोग्राममध्ये झालेल्या एका चुकीमुळे सुमारे चार तास कोणत्याही खात्यात कोणताही पासवर्ड चालत होता. २०१२ मध्ये झालेल्या चोरीचा खरा आकडा २०१६ साली उघड झाला. तो ६ कोटी ८० लाखांहून अधिक खात्यांचा होता. ह्या झाल्या चोराच्या वाटा. सरकारची वाट निराळी. जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन ह्यांनी बाहेर काढलेल्या कागदांवरून, अमेरिकेतील बड्या कंपन्यांकडची माहिती तेथील गुप्तहेर खाते कसे मिळविते, हे जगाला कळले. कंपनी फाइलींना कुलूप लावते हे खरे. पण किल्ली तिच्याच खुंटीला असेल तर हुकूम आल्यावर ती कुलूप काढून देते. किल्ली केवळ ग्राहकाकडे राहील अशीही रचना करता येते. ॲपलने डिसेंबर २०२२ पासून तशी सोय देऊ केली; मात्र ब्रिटिश सरकारने फाइलींत प्रवेश मिळण्याची मागणी केल्यानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटनमधील ग्राहकांसाठी ती मागे घेतली. लग्नाच्या छायाचित्रांसाठी ह्याची फिकीर कोणी करणार नाही. पण एका कारखान्यातील तीस कामगारांनी सह्या करून दिलेली तक्रार आमच्या कपाटात असते, आणि ती नावे भलत्या हाती पडली तर तीस चुली थंड होऊ शकतात. म्हणून हा प्रश्न आम्ही पहिला ठेवतो.

दुसरा प्रश्न: हा मेळ आहे की राखीव प्रत? ह्या दोन गोष्टी एकच समजण्याने फार घोटाळा होतो. मेळ घालणारे यंत्र आज्ञाधारक असते. आपण मोबाइलवर फाइल पुसली की ते सर्व ठिकाणची फाइल इमानाने पुसते. संगणकाला रोग लागून फाइली बिघडल्या तर बिघाडही सगळीकडे पोहोचवते. पुसलेली फाइल परत मिळविण्याची मुदत बहुतेक मोठ्या सेवांत साधारण ३० दिवसांची असते. जुन्या दाव्याचा कागद हरवल्याचे तीन महिन्यांनी कळले तर ती निरुपयोगी. राखीव प्रत म्हणजे जी रोजच्या हालचालीपासून अलग पडून राहते ती. पिढ्यान्‌पिढ्या आपण सातबाऱ्याची नक्कल वेगळ्या पिशवीत ठेवीत आलो, त्यातला शहाणपणा हाच होता.

तिसरा प्रश्न: इमारत जळाली तर? १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे एक संपूर्ण कोठार आगीत भस्मसात झाले आणि दुसऱ्याचाही काही भाग जळाला. ज्यांनी दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती त्यांचे सर्वस्व गेले. त्याहून मोठा धडा २६ सप्टेंबर २०२५ चा आहे. दक्षिण कोरियात देजॉन येथील सरकारी केंद्राला आग लागली आणि सरकारी नोकरांच्या फाइलींचे ‘जी-ड्राइव्ह’ नावाचे कोठार, ८५८ टेराबाइट माहितीसह, नष्ट झाले. त्याची प्रत बाहेर कोठेही नव्हती. संगणकविद्येत अग्रेसर समजल्या जाणाऱ्या देशाच्या सरकारवर जर ही पाळी येते, तर तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक निराळ्या गावी, हा जो साधा नियम छायाचित्रकारांत रूढ आहे, तो आपण पाळावा हे बरे.

चौथा प्रश्न: अटी कोण बदलतो? ऑक्टोबर २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या वर्गणीदारांना वनड्राइव्हवर अमर्याद जागा जाहीर केली आणि वर्षभरातच, नोव्हेंबर २०१५ मध्ये, ती काढून घेतली. काहींनी फार जागा वापरली, हे कारण. फुकट जागाही १५ जीबीवरून ५ वर आणण्याचे ठरले. मार्च २०१९ पासून ड्रॉपबॉक्सच्या फुकट खात्याला तीनच यंत्रांची मर्यादा आली. गुगलची छायाचित्रांसाठी असलेली मोफत अमर्याद जागा १ जून २०२१ रोजी संपली. ह्यांतले एकही कृत्य बेकायदा नाही. परंतु क्रम सर्वत्र सारखाच आहे: आधी भरपूर द्यावे, माणसाचे सारे बिऱ्हाड आत येऊ द्यावे, आणि बिऱ्हाड हलविणे कठीण झाले की भाडे सांगावे. फुकट जागा ही देणगी नव्हे, ती पागडी न घेता दिलेली खोली आहे. वसुली पुढे होतेच.

पाचवा प्रश्न: दुकान बंद झाले तर, आणि आपण निघावयाचे ठरविले तर? कॅनॉनिकल कंपनीने ‘उबुंटू वन’ ही सेवा १ जून २०१४ रोजी बंद केली आणि फाइली उतरवून घेण्यास जुलैअखेरपर्यंत मुदत दिली. स्वित्झर्लंडची ‘वुआला’ नोव्हेंबर २०१५ मध्ये मिटली. ॲमेझॉनसारख्या बलाढ्य कंपनीनेही आपले ‘ॲमेझॉन ड्राइव्ह’ ३१ डिसेंबर २०२३ रोजी बंद केले. ह्यांनी निदान पूर्वसूचना दिली. जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकी सरकारने ‘मेगाअपलोड’वर छापा घातला, तेव्हा चोरीच्या चित्रपटांबरोबर प्रामाणिक माणसांच्या स्वतःच्या फाइलीही अडकल्या, पुढच्या वर्षी नेदरलंड्समधील यंत्रे पुरविणाऱ्या कंपनीने त्यांपैकी ६३० सर्व्हर पुसून टाकले. म्हणून खाते उघडतानाच आपण विचारावे: माझे सारे दप्तर, ज्या रूपात ठेवले त्याच रूपात, एका खेपेत मला परत नेता येईल काय? गुगलने २०११ पासून अशी सोय ठेवली आहे, हे तिच्या श्रेयाच्या बाजूला लिहिले पाहिजे.

सहावा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही: माझ्यामागे हे कोणाला मिळेल? आमच्या संघटनेचा एक जुना कार्यकर्ता काही वर्षांपूर्वी अकस्मात वारला. कामावर झालेल्या त्याच्या दुखापतीचे कागद त्याने व्यवस्थित छायाचित्रे काढून खात्यात ठेवले होते. त्याच्या पत्नीला पासवर्ड ठाऊक नव्हता. कंपनीशी पत्रव्यवहार करण्यात सात महिने गेले आणि उत्तरे आली ती यंत्राने लिहिलेली. कागद होते, सुरक्षित होते, आणि वहिनींना मात्र ते नव्हते. प्रॉव्हिडंट फंडाच्या अर्जावर वारस नेमण्याचा रकाना असतो, आणि तो भरल्याशिवाय आम्ही नव्या सभासदाला उठू देत नाही. तसा रकाना येथेही असतो, हे फार थोड्यांना माहीत आहे. गुगलने एप्रिल २०१३ मध्ये, खाते दीर्घकाळ निश्चल राहिल्यास ते कोणाकडे जावे, हे नेमून देण्याची सोय केली. ॲपलने डिसेंबर २०२१ मध्ये वारस नेमण्याची केली. ती शोधून भरली पाहिजे.

इतके ऐकल्यावर कोणी म्हणेल, मग परक्याच्या दारात जावेच कशाला? आपले कोठार आपणच बांधावे. हा विचारही जुना आहे व आदरणीय आहे. जर्मनीच्या फ्रँक कार्लित्शेक ह्यांनी जानेवारी २०१० मध्ये ‘ओनक्लाउड’ ह्या मुक्त प्रोग्रामची घोषणा केली. कोणीही तो आपल्या यंत्रावर बसवावा. पुढे त्यांनी स्वतःच काढलेली कंपनी सोडली आणि जून २०१६ मध्ये बहुतेक सहकाऱ्यांसह ‘नेक्स्टक्लाउड’ उभे केले. कंपनी बदलली तरी लिखाण खुले असल्यामुळे काम थांबले नाही, ही मुक्त प्रोग्रामांची खरी मिळकत होय. २०१३ अखेर ‘सिंकथिंग’ आले. त्यात मधले कोठारच नाही, आपली दोन यंत्रे परस्परांशीच मेळ घालतात. २०२४ साली जर्मनीतील श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने सुमारे ३०,००० सरकारी संगणक मुक्त प्रोग्रामांवर नेण्याचे ठरविले, त्यात नेक्स्टक्लाउडचाही समावेश आहे.

आमच्या संघटनेनेही हा मार्ग तपासून पाहिला. भाडे वाचते, किल्ली आपल्या हाती राहते, हे खरे. परंतु भाडे वाचते तेव्हा श्रम वाढतात, आणि श्रमांचा हिशेब न मांडणे कामगार संघटनेला शोभत नाही. यंत्राची देखभाल, नवे दुरुस्तीचे पाठ बसविणे, वीज गेल्यावर धावणे, हे कोणीतरी रात्री जागून करतो. बहुधा एखादा उत्साही तरुण, आणि तोही फुकट. तो तरुण दुसऱ्या गावी नोकरीला गेला की कोठाराला टाळे. एका माणसाच्या पाठीवर उभी राहिलेली व्यवस्था स्वतःच्या मालकीची असली तरी भक्कम नसते. ज्या संघटनेत दोन-तीन माणसे हे काम शिकून घेतील आणि त्यांच्या वेळेचा मोबदला धरला जाईल, तिने हा मार्ग अवश्य धरावा.

आम्ही अखेर जे ठरविले ते थोडक्यात सांगतो, कारण ते कोणत्याही कुटुंबाला लागू पडण्यासारखे आहे. कागदांचे तीन ढीग केले. परिपत्रके, सभांची छायाचित्रे, प्रसिद्ध झालेले निवाडे, हे उघडे दप्तर. ते एका मोठ्या कंपनीच्या सेवेत ठेवले, कारण ती सोयीची आहे आणि तेथे लपविण्यासारखे काही नाही. करार, हिशेब आणि दाव्यांचे कागद तेथेही ठेवले. पण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर उतरते आणि ती डिस्क कचेरीत राहत नाही. सभासदांच्या तक्रारी व सह्यांचे कागद परक्या कोठारात जातच नाहीत. ते आमच्याच दोन संगणकांत परस्पर मेळ घालून राहतात, आणि त्यांचीही प्रत कुलूपबंद डिस्कवर निराळी ठेवली जाते. वर्षातून एकदा एखादी जुनी फाइल प्रतीवरून खरोखर परत काढून पाहतो. उघडून न पाहिलेली प्रत म्हणजे न वटविलेला चेक.

आता शेवटचा मुद्दा. ही सारी दक्षता एकट्या-दुकट्याने घ्यावयाची आहे, आणि समोर जगातल्या सर्वांत धनाढ्य कंपन्या आहेत. त्यांच्या अटींच्या लांबलचक कागदाखाली ‘मान्य आहे’ एवढेच बटण असते; ‘वाटाघाट करू’ असे नसते. कारखान्यांतही एके काळी हीच तऱ्हा होती. कामाचे नियम मालक एकटा लिही आणि फाटकावर चिकटवी. १९४६ सालच्या स्थायी आदेशांच्या कायद्याने मोठ्या कारखान्यांच्या मालकांना ते नियम सरकारी अधिकाऱ्यापुढे मांडणे भाग पाडले आणि कामगारांचे म्हणणे ऐकल्याशिवाय त्यांवर शिक्का बसेनासा झाला. तो कायदा कोणा एका कामगाराच्या हुशारीने आलेला नव्हता.

युरोपात २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने आपली माहिती एका कंपनीकडून उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क नागरिकाला दिला. आपल्याकडे २०१९ साली संसदेत आलेल्या विधेयकात असा हक्क होता. २०२३ साली जो कायदा प्रत्यक्षात संमत झाला त्यात तो नाही. बिऱ्हाड हलविण्याचा हा हक्क परत मागणे हे येथे बसलेल्या प्रत्येकाचे काम आहे. मतदार म्हणून आपण आपल्या प्रतिनिधीला तो विचारू शकतो, ग्राहक संस्थांमार्फत तो मांडू शकतो, संघटनांच्या ठरावांत तो घालू शकतो. तोपर्यंत आज घरी गेल्यावर दोन कामे करावीत, अशी आमची विनंती आहे: खात्यात वारसाचे नाव घालावे, आणि घराच्या महत्त्वाच्या कागदांची एक प्रत आपल्या कपाटात आणून ठेवावी.